बैठकीबाहेरचा होकार

दिनांक १९ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रेमदास थावरा आडे याला सहा हजार तीनशे पन्नास रुपये मिळाले. विधानसभेचं मतदान झालं होतं, मोजणी व्हायची होती. पैसे पुनमचंदशेठ यांनी दिले. शेठ हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचे आडते होते आणि पक्षाचं स्थानिक खर्चाचं काम त्यांच्याकडे होतं. संध्याकाळी बाजार समितीतली नोकरी संपवून मी त्यांचे हिशेब लिहायला जात असे, त्यामुळे मी समोरच होतो.

"निकाल तर लागू दे," शेठ म्हणाले. "एवढी घाई काहून करून राहिला?"

"शेठ, निकालानंतर हरलेला देत न्हाई आन जिंकलेला वळखत न्हाई. आत्ता मी तुमाला कामाचा वाटून राहिलो, आत्ताच द्या."

शेठ हसले. मला म्हणाले, "लिहा. प्रचार खर्च, किरकोळ."

"किरकोळ काहून?" प्रेमदास म्हणाला. "चांगलं नाव लिहा की."

मग मी 'सल्ला' असं लिहिलं. तो शब्द त्याला इतका आवडला की पुढे पंधरा वर्षं त्यानं त्याच शब्दावर पोट भरलं.

प्रेमदास आणि मी हिंगोलीच्या कॉलेजात बी.कॉम.ला एका बाकावर बसलो. मला नोकरी लागली, त्याला लागली नाही. त्याचा तांडा सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या पुढे माळाच्या कडेला. सत्तर-पंचाहत्तर घरं. या बंजारा लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेत. प्रेमदासच्या लहानपणापर्यंत त्यातलं काही उरलं नव्हतं. कोरडवाहू जमिनीत ज्वारी, तूर, कापूस, आणि दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला.

त्याचे वडील थावरा हे तांड्याचे नायक. त्यांचे वडील आणि आजोबाही नायक होते. नायक म्हणजे काय हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नायक तांड्याचा मालक नसतो. भांडण असो, सोयरीक असो की मत कोणाला द्यायचं हे असो, ते बैठकीत ठरतं. सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढच्या लिंबाखाली घरटी एक माणूस बसतो. कारभारी आणि चार जाणती माणसं पुढे, बायका मागे. बायका मागे बसल्या तरी गप्प बसत नाहीत. सगळ्यांचं बोलून झालं की नायक शेवटी एक वाक्य बोलतो. तो तांड्याचा शब्द. मग विरोधात बोललेला माणूसही तो मोडत नाही. मात्र बैठकीशिवाय नायकानं तांड्याच्या वतीनं शब्द द्यायचा नाही. दिला तर नायकी जाते. थावरा नायकांच्या घरात तीन पिढ्यांत असं कधी झालं नव्हतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता. ते स्वतः कधी बोलून दाखवत नसत. त्यांच्या पत्नी जिवनबाई मात्र आल्यागेल्याला सांगत.

प्रेमदासला सल्ल्याचं काम कसं मिळालं तेही साधंच आहे. १९९५ च्या त्या प्रचारात आमच्या उमेदवाराची जीप तांड्यातांड्यांतून फिरत होती. भोंगे, हार, भाषणं. प्रेमदास एक दिवस शेठच्या गादीवर आला आणि म्हणाला, "शेठ, सायेब कोणापुढं भाषण करून राहिले? दारात बसलेल्या म्हाताऱ्या आन शेळ्या. मतदार तर कारखान्यावर ऊस तोडून राहिलेत."

शेठ चमकले. ही गोष्ट सगळ्यांना दिसत होती, पण प्रचारात कुणी हिशेबात धरली नव्हती. प्रेमदासनं सांगितलं की तिथे वेळ घालवू नका, ज्या तांड्यांतली माणसं घरी आहेत तिथे चला. आणि कसं जायचं तेही सांगितलं. जीप तांड्याबाहेर उभी करायची. बाजेवर बसायचं नाही, जमिनीवर बसायचं. मताचं आपण काढायचं नाही, त्यांनी काढेपर्यंत थांबायचं. त्या खेपेला उमेदवार पडला, पण प्रेमदासनं जिथे जितकी मतं सांगितली होती तिथे जवळपास तितकीच पडली. पडलेल्या उमेदवारानंच त्याचं नाव वर कळवलं.

पुढे त्याला परभणी, नांदेड, लातूर इथून बोलावणी आली. १९९९ साली हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच वर्षी प्रेमदास मुंबईला पक्षाच्या कार्यालयात बसू लागला. नेमणुकीचं पत्र वगैरे काही नव्हतं. टेबल, फोन आणि राज्यभर फिरायला गाडी. दुसरे लोक जातींची टक्केवारी मांडत. प्रेमदास प्रत्येक गावासमोर एवढंच लिही, की या गावात कोणाचा शब्द चालतो आणि त्या माणसाकडे कोणी जायचं. धनगरवाड्यांत, कोळ्यांच्या पाड्यांत, साखर कारखान्यांच्या वसाहतींत त्यानं हीच पद्धत नेली. लोक त्याला आडेसर म्हणू लागले.

त्याची दुसरी ख्याती अशी की तो खोटं बोलत नसे. एका बड्या नेत्यानं त्याला भर बैठकीत टोमणा मारला होता, "आडेसर, तुम्ही आमचे सल्लागार की समोरच्यांचे? सारखं हरताय, हरताय!"

"साहेब, समोरच्यांनी विचारलं असतं तर त्यांनाही ते कुठे हरतायत ते सांगितलं असतं. ते विचारत नाहीत."

ही हकीकत त्यानं मला हिंगोली स्टेशनवर चहा पिताना सांगितली. तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं. बायको पुजा दिग्रसकडची, मुलं ठाण्याच्या शाळेत. वर्षातून एकदा तो तांड्यावर येई. जिवनबाई म्हणत, "नातवाला माझं बोलणं कळत न्हाई आन मला त्याचं. आमी दोघं हसतो निसतं."

१९९९ च्या निवडणुकीत त्यानं आमच्या भागातल्या उमेदवाराला आपल्या तांड्याच्या बैठकीत आणून बसवलं होतं. लोकांनी पाण्याची टाकी मागितली. उमेदवारानं कबूल केलं. थावरा नायकांनी शब्द दिला, तांड्यानं एकगठ्ठा मत दिलं आणि उमेदवार निवडून आला. टाकी काही झाली नाही. पाच वर्षं बायका विहिरीवरून पाणी आणत राहिल्या. विहीर आटली की दूरच्या मळ्यातून. थावरा नायक दोनदा सेनगावला आणि एकदा हिंगोलीला जाऊन आले. बैठकीत लोक त्यांना तोंडावर काही बोलत नसत, पण टाकीचा विषय निघाला की जमिनीकडे बघत.

२००४ साली तोच उमेदवार पुन्हा उभा राहिला. या वेळी लढत घासून होती. मतदारसंघात बत्तीस तांडे होते आणि थावरा नायकांना त्या सगळ्यांत मान होता. प्रेमदासकडे राज्यातल्या बेचाळीस जागा होत्या. ही जागा त्याच्या घरची, म्हणून वरून त्याला सांगण्यात आलं होतं की ही गेली तर बाकीच्या जागांबद्दल तुमचं आम्ही काय ऐकायचं.

त्याला तांड्यावर यायला वेळ नव्हता हे खरं. पण यायचं टाळण्याचं कारण निराळं होतं. बैठक लागली तर टाकीचं निघणार आणि बैठक काय म्हणणार हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी पुनमचंदशेठ आपला मोबाइल घेऊन तांड्याकडे निघाले. मी बरोबर होतो. तांड्यात रेंज नव्हती, मागच्या टेकडीवर थोडी मिळे. थावरा नायक काठी टेकत वर आले. शेठनी नंबर लावून फोन त्यांच्या कानाला धरला. बापलेक गोरमाटीत, म्हणजे आपल्या बंजारा बोलीत, बोलले. काय बोलले ते थावरा नायकांनी उतरतानाच मला सांगितलं.

"बा, बरा हायस ना?"

"बरा हाय. तू कवा येतो?"

"मतदान झालं की येतो. बा, यंदाबी आपल्याच मानसाला द्यायचं. तुझं हो ना?"

"तू मागून राहिला तर माझं हो. पण तू ये. बैठक लावतो. सायबाला घेऊन बस. लोक टाकीचं इचारतील, त्याचा जवाब दे."

"येईन म्हणलं ना. तुझं हो, बस झालं."

खाली कारभारी वसराम उभा होता. थावरा नायकांचा लहानपणापासूनचा सोबती.

"काय थावराभिया, टेकडीवर चढून मुंबई दिसली का?"

"दिसली न्हाई, ऐकू आली. पोरगं मत मागून राहिलं."

"मग?"

"बाप म्हणून हो म्हणलो. तांड्याचं बैठकीत."

"घे म्हणा बापाचं एक मत," वसराम म्हणाला. "लई झालं त्याला." आणि दोघं हसले. त्या दिवशी कुणाच्या मनात काही संशय नव्हता.

आठ दिवसांनी पत्रक आलं. मजकूर मुंबईहून फॅक्सनं आला होता आणि अक्षर प्रेमदासचं होतं. छपाई हिंगोलीत झाली. वर थावरा नायकांचा लाल पागोट्यातला फोटो, प्रेमदासच्याच लग्नातला. खाली मोठ्या टाइपात: 'थावरा नायकांनी तांड्याचा शब्द दिला. आता बत्तीस तांडे एक.' पत्रकं जीपमधून बत्तीसही तांड्यांत वाटली गेली.

सेनगावच्या आठवडी बाजारात दुसऱ्या तांड्यातल्या व्याह्यांनी थावरा नायकांना गाठलं. "नायक, तुमचा तांडा तुमचा. आमाला न इचारता आमचाबी शब्द दिला का?"

थावरा नायकांना वाचता येत नव्हतं. फोटो ओळखला. मजकूर त्यांनी किराणा दुकानदाराकडून वाचून घेतला, आणि बाजार न करताच परत आले.

मतदान बुधवारी होतं. आधीच्या रविवारी सकाळी बैठक लागली. प्रेमदासला निरोप गेला होता. तो रात्रभर प्रवास करून आला. त्याची जीप तांड्याबाहेर न थांबता सरळ लिंबापर्यंत आली. पुनमचंदशेठ आणि मी त्याच्यासोबत होतो. आम्ही बाजूला उभे राहिलो. मंदिरामागे समोरच्या पक्षाची दोन पोरं मोटरसायकलला टेकून उभी होती. इथे जे बोललं जाईल ते संध्याकाळपर्यंत बत्तीस तांड्यांत पोचणार होतं.

वसरामनं आधी थावरा नायकांना विचारलं. आवाज परक्या माणसाशी बोलावं तसा.

"नायक, तुमी बैठकीबाहेर तांड्याचा शब्द दिला का?"

"न्हाई. बाप म्हणून माझं हो म्हणलो. तांड्याचा शब्द दिला न्हाई."

"मग कागदावर कसा आला?"

सगळे प्रेमदासकडे बघू लागले. त्यानं एवढंच म्हणायचं होतं की कागद चुकीचा आहे. मागे बसलेल्या जिवनबाई पदर तोंडाला लावून त्या वाक्याची वाट बघत होत्या. ते बोलला असता तर नायकी राहिली असती आणि जागा बहुधा गेली असती. प्रेमदासनं एकदा मोटरसायकलकडे बघितलं.

"मी बाला इचारलं, तुझं हो ना. बा हो म्हणला."

"बैठकीत?"

"फोनवर."

"तांड्यासाठी म्हणला का सोतासाठी?"

"हो म्हणला," प्रेमदास म्हणाला. "मी खोटं सांगून न्हाई राहिलो."

मागून एक बाई म्हणाली, "खोटं न्हाई, मग खरं तरी सांग की रं लेकरा!"

मग थावरा नायक बोलले. "पोरगं खोटं बोलून न्हाई राहिलं. मी हो म्हणलो व्हतो. पुढचं तुमी ठरवा." असं म्हणून ते नायकाच्या जागेवरून उठले आणि इतर लोकांत जाऊन बसले.

"थावराभिया, उठू नको," वसराम म्हणाला. "अजून काई ठरलं न्हाई."

"ठरवताना मी तिथं बसायचं नसतं."

बोलणं दुपारपर्यंत चाललं. काही जण म्हणाले की दोष पोराचा आहे. पण पोरगा समोर बसून ते कबूल करत नव्हता आणि बापानं त्याला खोटं ठरवलं नव्हतं. बैठकीला जे ऐकू आलं त्यावरच ठरवावं लागतं. शेवटी नायकी वसरामकडे गेली आणि थावरा आडे यांना पाचशे एक रुपये दंड लागला. हे सांगताना वसराम दोनदा थांबला. नायक म्हणून त्यानं बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं.

जिवनबाई जीपपाशी आल्या. प्रेमदास म्हणाला, "याडी, निघतो. लई काम हाय."

"जा. पर एक सांग. फोनवर तू पोरगं म्हणून इचारलं का नोकर म्हणून?"

"याडी, तसं नसतं..."

"त्यानं पोराला हो म्हणलं. तू ते इकून आला."

उमेदवार चौदाशे छत्तीस मतांनी निवडून आला. बत्तीसपैकी पुष्कळ तांड्यांत पत्रकाचं काम झालं होतं. रविवारची गोष्ट पोचेपर्यंत बऱ्याच जणांनी आपसात ठरवून टाकलेलं होतं. प्रेमदासच्या तांड्याच्या केंद्रावर त्याला एकोणीस मतं पडली. मुंबईत प्रेमदासचं वजन वाढलं. एका दैनिकानं त्याच्यावर अर्धा रकाना लिहिला, त्यात 'तळागाळाची नस ओळखणारा' असे शब्द होते. त्यानं ते कात्रण मला पाठवलं नाही, मी आपणच वाचलं.

थावरा आडे यांनी दंडासाठी मुलाचे पैसे घेतले नाहीत. प्रेमदासनं पाठवलेली मनीऑर्डर पोस्टमननं परत नेली. सत्तरी गाठलेला माणूस दुसऱ्यांच्या शेळ्या राखू लागला. तिथून मिळेल ते साठवून बैठक लागली की ते वसरामपुढे ठेवत. कधी पन्नास, कधी वीस. वसराम एकदा म्हणाला, "थावराभिया, बास कर. माफ करून टाकू."

"बैठकीनं लावला, मी बैठकीत देतो. तू नायक हायस, सोबत्यासारखं बोलू नको."

असे साडेचारशे रुपये झाले. मे २००७ मध्ये थावरा आडे वारले. ऊसतोडीचा हंगाम संपलेला असल्यानं तांडा भरलेला होता. प्रेमदास, पुजा आणि मुलं आली. तेरावं झाल्यावर बैठक लागली, तेव्हा प्रेमदास लिंबाखाली जमिनीवर बसला आणि त्यानं एक्कावन्न रुपये पुढे ठेवले.

"हे कशाचे?" वसरामनं विचारलं.

"बाचे राहिलेले."

"त्याचा दंड त्याच्या हातचा व्हता."

प्रेमदासनं नोटा तशाच राहू दिल्या. मग म्हणाला, "कागद चुकीचा व्हता. बानं तांड्याचा शब्द दिला नव्हता. मी लिहिलं ते माझ्या मनचं."

मागून जिवनबाईंचा हुंदका ऐकू आला.

"ठाऊक हाय," वसराम म्हणाला. "तवाबी ठाऊक व्हतं. तुझ्या तोंडून पायजे व्हतं."

"मग आता माझा दंड लावा."

"आता कोणासाठी लावू? पैसे उचल."

प्रेमदासनं नोटा उचलल्या. घडी करून खिशात घातल्या. तो त्याच दिवशी निघाला. २००९ च्या निवडणुकीत त्यानं राज्यातल्या तीसेक जागांचं काम केलं. हिंगोली जिल्ह्यातली एकही घेतली नाही. विचारणाऱ्यांना तो सांगे की तिथलं मला कळत नाही.

त्या दंडाचे एक्कावन्न रुपये थावरा आडे यांच्या नावावर बाकी आहेत.